इंग्रजी व्याकरण शिकताय? आधी 'हॅड' आवरा

कर्ता, कर्म, बारा काळांचा तक्ता हे तुम्हाला येतं असं धरून चालू या. स्पर्धा परीक्षा देणारा असो की ऑफिसात रोज मेल लिहिणारा, मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला तक्ता सहसा नडत नाही. तक्ता तोंडपाठ असतो आणि तरीही वाक्य चुकतं, कारण ते मनात मराठीतच तयार होतं. या चुकांमधली सगळ्यांत चिवट चूक 'हॅड'ची. तिच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण मनात 'होतो' आला की हात आपोआप 'हॅड' लिहितो. ही खोड किती उशिरा जाते ते मला ठाऊक आहे.

'मी काल पुण्याला गेलो होतो.' मराठीत हे वाक्य निर्दोष. त्या 'होतो'तून कळतं की गेलो, परतही आलो, विषय संपला. इंग्रजीतला 'हॅड गॉन' मात्र वेगळंच सांगतो: भूतकाळात आणखी काहीतरी घडलं आणि त्याच्या आधी हे झालेलं होतं. 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे' एवढंच लिहून थांबलात, तर वाचणारा त्या दुसऱ्या घटनेची वाट बघत बसतो. इथे साधं 'आय वेंट टू पुणे यस्टरडे' हवं. 'मी तुम्हाला सोमवारी मेल केला होता' म्हणजे 'आय मेल्ड यू ऑन मंडे'. 'तुला सांगितलं होतं ना?' म्हणजे 'आय टोल्ड यू, डिडन्ट आय?' मराठीत तिन्हीकडे 'होतं', इंग्रजीत एकाही ठिकाणी 'हॅड' नाही.

'ऐकत राहा, कान तयार होईल' हा सल्ला इथे चक्क फसवतो. आपल्याकडे ऑफिसात, बातम्यांत, वर्गातसुद्धा 'आय हॅड टोल्ड यू' सर्रास चालतं. कान तयार होतो, पण त्याच चुकीवर. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअरही असं वाक्य सोडून देऊ शकतं, कारण एकट्या वाक्याची रचना मोडलेली नसते.

मग 'हॅड' खरंच लागतो कुठे? 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' म्हणजे आम्ही पोचलो आणि गाडी सुटली. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच ती गेलेली होती. एका 'हॅड'ने अर्थ फिरला. वाक्यात 'बिफोर' किंवा 'आफ्टर' असेल तर क्रम त्या शब्दावरूनच कळतो, त्यामुळे रोजच्या लिखाणात साधा भूतकाळही चालतो. परीक्षेत मात्र पर्याय बघून, आधी घडलेल्या क्रियेला 'हॅड' देणं सुरक्षित. याशिवाय 'ही सेड दॅट ही हॅड सीन इट' अशा अप्रत्यक्ष कथनात आणि 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम' अशा न घडलेल्या अटीत तो लागतोच.

आता उलटी चूक करू नका. हे वाचून दिसेल तो 'हॅड' खोडत सुटाल, तर 'आय हॅड लंच अ‍ॅट टू' हे बरोबर वाक्यही मोडाल. तिथे 'हॅड' हेच मुख्य क्रियापद आहे. 'हॅड टू गो'मधला 'हॅड' म्हणजे 'जावं लागलं', तोही राहू द्या. तपासणी फक्त त्या 'हॅड'ची, ज्याच्या पुढे गॉन, सीन, सेंट असं क्रियापदाचं तिसरं रूप आहे. 'इफ'ची न घडलेली अट सोडून बाकी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: याच्यानंतर घडलेली भूतकाळातली घटना कुठे आहे? बोट ठेवून दाखवता आली तर ठीक, नाहीतर साधा भूतकाळ.

'पासून'चीही अशीच गंमत. मराठीत '2019 पासून' आणि 'पाच वर्षांपासून' दोन्हीकडे एकच शब्द. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', कालावधी सांगायचा तर 'फॉर'. आणि 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' नव्हे, 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. क्लासमध्ये मिळणारी 'सिन्स दिसला की हॅज बीन' ही ट्रिक मला अजिबात पटत नाही. 'सिन्स ही वॉज इल, ही डिड नॉट कम' या वाक्यात 'सिन्स'चा अर्थ 'कारण' आहे, आणि ट्रिकवाला तिथेच आपटतो. एसएससी सीजीएल या केंद्र सरकारच्या पदवीधर भरती परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीच्या एका प्रश्नाला 3 गुण आणि चुकलं तर 1 वजा. तिथे अशी ट्रिक महागात पडते. ट्रिकमागचं कारण न सांगणारा शिक्षक कितीही लोकप्रिय असू दे, सोडा.

'जरी… तरी' आणि 'कारण… म्हणून' या आपल्या जोड्याही अशाच आड येतात. 'ऑलदो'ने वाक्य सुरू केलं की पुढे 'बट' नको, 'बिकॉज' असेल तर पुढे 'सो' नको. हे मात्र आठवडाभरात सुटतं, घाबरू नका.

विरामचिन्हांत दोनच गोष्टी आधी पक्क्या करा. मराठीत 'की'शेजारी स्वल्पविराम देतात, इंग्रजीत 'ही सेड दॅट'मध्ये तो कुठेच नसतो. दुसरं, दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. 'इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम' चूक. मध्ये पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामापुढे 'सो' घाला. 'हाउएव्हर'ने दुसरं वाक्य सुरू होत असेल तर त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. यात सरावलेले लोकही चुकतात.

गोंधळाच्या शब्दांसाठी वहीत देवनागरी उच्चार लिहून ठेवणं मला धोक्याचं वाटतं. 'स्टेशनरी' देवनागरीत एकच दिसते. इंग्रजीत शेवटी ए-आर-वाय असेल तर स्थिर, ई-आर-वाय असेल तर कागद-पेन. 'प्रिन्सिपल'च्या शेवटी पी-ए-एल म्हणजे मुख्याध्यापक किंवा मुख्य, पी-एल-ई म्हणजे तत्त्व. 'हरवणे' या अर्थाच्या 'लूझ'मध्ये एकच ओ, 'ढिला' या अर्थाच्या 'लूस'मध्ये दोन. 'इट्स'ला अ‍ॅपॉस्ट्रॉफी द्यायचा की नाही, यासाठी तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' ठेवून बघा. बसलं तरच द्यायचा. 'अ' आणि 'अ‍ॅन'ला मात्र कान उपयोगी पडतो: 'अ‍ॅन एमपीएससी कँडिडेट', पण 'अ यूपीएससी कँडिडेट', कारण 'यू'ची सुरुवात 'य'च्या आवाजाने होते.

सरावाला मराठी वर्तमानपत्रातली साधारण शंभर शब्दांची बातमी घ्या आणि हाताने इंग्रजीत उतरवा. लगेच तपासू नका, दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन तीन फेऱ्या करा: पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं, दुसरीत फक्त स्वल्पविराम, तिसरीत 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द'. तिन्ही एकत्र शोधायला गेलात की निम्म्या चुका निसटतात. सापडलेली चूक वहीत लिहिताना चुकीचं वाक्य, बरोबर वाक्य आणि ती कोणत्या मराठी वाक्यातून आली, असे तीन रकाने ठेवा. तिसरा रकाना भरायचा कंटाळा येतो, तरी तो रिकामा ठेवू नका. महिन्याभराने फक्त तोच रकाना वरून खाली वाचा. त्यात जे मराठी वाक्य सारखं सारखं दिसेल, पुढच्या आठवड्याचा सराव त्याच्यावर.