फिरकी कोणाच्या हातात?

पहिली किशोर कादंबरी लिहायला बसले तेव्हा खलनायक माझ्याकडे तयारच होता. सातवीतला आडदांड मुलगा, डबे हिसकावणारा, शाळेमागे गाठणारा. चाळीस पानं झाली तशी बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पाच-सहा पोरं जमवली आणि वाचून दाखवली. पोरं गप्प बसली होती, पण पाण्याच्या बाटल्यांची झाकणं सारखी उघडमीट चालली होती. शेवटी सहावीतली एक म्हणाली, "काकू, आमच्यात मारत कोणी नाही हो. नुसतं बोलायचं बंद करतात."

चाळीस पानं गेली.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना सांगते, त्रास देणारं पोर रंगवण्यात फार जीव आटवू नका. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी या छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हापुन्हा होतो, आणि ज्याला सोसावा लागतो त्याची बाजू दुबळी असते. मारहाण झालीच पाहिजे असं नाही. फिनलंडच्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये उरलेल्या वर्गाकडे पाहिलं. कोण छळणाऱ्याच्या हाताशी असतं, कोण हसून त्याला चढवतं, कोण अंग काढून घेतं, कोण सोसणाऱ्याच्या पाठीशी उभं राहतं. मला तर आयती पात्रंच मिळाली. माझी नायिका मग हसणाऱ्यांतली झाली.

प्रसंग मात्र आपल्या गावातले घ्या. बडोद्यात उत्तरायणला एक पतंग उडवतो, दुसरा मांजा गुंडाळलेली फिरकी धरतो. ढील कधी द्यायची हे फिरकीवाल्याला सांगावं लागत नाही, इतकी ती जोडी मुरलेली असते. माझ्या कादंबरीत दरवर्षी मैत्रिणीची फिरकी धरणारी मुलगी गच्चीवर पोचते, तर फिरकी दुसरीच्या हातात. कोणी काही बोलत नाही. तिला कोपऱ्यातला गुंता झालेला मांजा सोडवायला देतात. ती सोडवत बसते. नायिका हसते. एवढंच. या दीड पानाला मला तीन आठवडे लागले.

आणि हो, संपादकांनी 'उत्तरायण'चं 'संक्रांत' केलं होतं. मी पुन्हा उत्तरायण केलं. आपली पोरं बोलतात तसं छापून आलं पाहिजे, त्यासाठी भांडा.

कादंबरीत आईबाबा वेगळे होतात तो भाग मी आधी बंद दाराआडच्या भांडणाने भरला होता. सगळं मोठ्यांचं. मुलाला दिसतं ते वेगळंच असतं. आई रावपुऱ्यात, बाबा मांजलपूरला आणि भूगोलाची वही नेमकी त्या दुसऱ्या घरी. वही नाही म्हणून डायरीत शेरा, आणि त्याच्याखाली सही कोणाची घ्यायची हा प्रश्न. तेवढं लिहिलं की पोटगी, ताबा वगैरे शब्द लागत नाहीत. शेवटी दोघांना एकत्र आणायचा मोहही आवरा. मला त्यांना एकत्र आणायचा सल्ला मिळाला होता, मी ऐकला नाही.

अजून एक. वाचन संपल्यावर एखादं मूल चपला शोधत रेंगाळलं तर वही मिटा आणि ऐका. प्रकरण गंभीर वाटलं तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. माझ्याकडेही एक मुलगा असाच मागे थांबला होता. त्याचं कादंबरीत काहीही नाही.