सीसीएक्सएमएल लिहिताना या चुका टाळा

व्हॉइसएक्सएमएल येतं, मग सीसीएक्सएमएल आलंच, असं धरून चालणारी मंडळी पहिल्याच आठवड्यात अडकतात. दोन्ही फोन-यंत्रणांसाठीच्या भाषा. व्हॉइसएक्सएमएल माणसाशी बोलतं. सीसीएक्सएमएल त्याचा कॉल उचलतं, जोडतं, तोडतं. 2011 साली डब्ल्यूथ्रीसीची, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, शिफारस झालेली ही भाषा ओळीमागून ओळ चालत नाही. घटना आली की तिच्याशी जुळणारं ट्रान्झिशन, म्हणजे त्या घटनेला काय करायचं ते लिहिलेला भाग, चालतं, मग पुढच्या घटनेची वाट.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फोन लागलाच नाही तर काय, हे न लिहिणं. एका ग्राहकासाठी आम्ही हप्त्याची आठवण करून देणारे कॉल लावत होतो. चाचणी ऑफिसातल्याच मोबाइलवर झाली आणि अर्थातच प्रत्येकाने फोन उचलला. खरे नंबर सुरू झाल्यावर संध्याकाळपर्यंत सर्व्हर नवा कॉल घेईना. पहाटेपर्यंत मी मेमरी लीक शोधत बसलो. निघालं काय, तर शेकडो सेशन (प्रत्येक कॉलसाठी चालू झालेला प्रोग्राम) जिवंत आणि त्यातल्या एकातही कॉल नाही! बिझी लागलेल्या, न उचललेल्या प्रत्येक फोनची 'कनेक्शन.फेल्ड' घटना आली होती, पण तिच्यासाठी ट्रान्झिशनच नव्हतं. 'एरर'ने सुरू होणारी घटना कुणी हाताळली नाही तर सेशन संपतं. 'कनेक्शन.फेल्ड' त्यात मोडत नाही. ती टाकून दिली जाते आणि सेशन तसंच ताटकळत राहतं.

तेव्हापासून रिकाम्या फाइलमध्ये मी आधी 'कनेक्शन.फेल्ड', 'कनेक्शन.डिस्कनेक्टेड' आणि 'एरर.*' (तारा म्हणजे पुढे काहीही) ही तीन ट्रान्झिशन लिहितो, प्रत्येकात सेशन संपवणारं 'एक्झिट' घालूनच. दोन कॉल जोडलेले असतील तर मात्र दुसराही सुटेपर्यंत 'एक्झिट' नको, नाहीतर बोलत असलेल्या माणसाचा फोन मध्येच तुटेल. चाचणीच्या यादीत बंद, बिझी आणि अस्तित्वात नसलेला असे तीन नंबर हवेतच.

'एरर.*'च्या आत शहाणपणा करू नका. तिथे न घोषित केलेलं व्हेरिएबल लॉग करायला गेलात, तर त्यातूनच नवी एरर येते, ती पुन्हा तिथेच पोचते आणि हे चक्र थांबत नाही. मी तिथे एक साधी लॉगची ओळ आणि 'एक्झिट', एवढंच ठेवतो.

संवाद सुरू करणाऱ्या 'डायलॉगस्टार्ट'च्या 'सोर्स'मध्ये फाइलचं नाव नुसतं लिहू नका. ती किंमत इक्मास्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचं प्रमाणित रूप) म्हणून वाचली जाते, म्हणून दुहेरी अवतरणाच्या आत एकेरी अवतरण हवंच.

जुळणारं पहिलं ट्रान्झिशन चालतं, तेव्हा कनेक्शनच्या सगळ्याच घटना पकडणारं 'कनेक्शन.*' सगळ्यात खाली.

अटीत 'पेक्षा लहान'चं चिन्ह थेट टाकलंत तर एक्सएमएल मोडतं.

आता घाईची चूक. आलेला कॉल उचलण्यासाठी 'अ‍ॅक्सेप्ट' लिहून लगेच खाली 'डायलॉगस्टार्ट' लिहिणारे खूप. 'अ‍ॅक्सेप्ट' ही फक्त विनंती आहे. कॉल खरोखर जोडला गेल्याचं 'कनेक्शन.कनेक्टेड' सांगतं, संवाद तिथूनच सुरू करा. हे सांगितलं की काहीजण घटना पाठवणाऱ्या 'सेंड'ला दोन सेकंदांचा 'डिले', म्हणजे उशीर, लावून मोकळे होतात. अशा तोडग्याची मला मनापासून चीड आहे. मोकळ्या लाइनवर तो चालतो, म्हणून महिनाभर कुणाला कळत नाही. मग एखाद्या गर्दीच्या सकाळी कॉल जोडायला तीन सेकंद लागतात आणि फोन करणाऱ्याच्या कानात नुसती शांतता. माझ्यासमोर कोड तपासायला आला की असा 'डिले' मी आधी शोधतो आणि काढायला लावतो.