विंडोज अपडेट मारण्याआधी

बॅकअप घ्या, चार्जर लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी खरंच तग धरते का ते आधी बघा. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर जागा मोकळी करा. एवढं सगळ्यांना माहीत असतं.

आता बिटलॉकरची रिकव्हरी की. बिटलॉकर म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, आणि रिकव्हरी की म्हणजे अडलं तर ते उघडणारा ४८ आकडी नंबर, सहा-सहाचे आठ गट. 'माझ्या मशीनला असलं काही नाही' असं म्हणत असाल तर थांबा. मीही असाच छातीठोकपणे म्हणत होतो. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केला की डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) गुपचूप चालू होतं, होम एडिशनवरसुद्धा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन बघा.

मशीनमधली टीपीएम ही सुरक्षेची चिप बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, प्रत्येक टप्प्याचा हिशेब ठेवते. फर्मवेअर (मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) किंवा बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम) बदलला आणि हिशेब जुळला नाही, की ती डिस्क उघडून देत नाही. निळा स्क्रीन येतो आणि की मागतो. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही मशीनवर हेच झालं, मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही इंटेल मशीनवर पुन्हा.

की सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर, डिव्हाइसच्या माहितीत असते. पण कुणाच्या अकाउंटमध्ये? लॅपटॉप भाच्याने त्याच्या ईमेलवर सेटअप करून दिला असेल, तर की भाच्याकडे. लॉगिनचा ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जात असेल तर तो नंबर आज बदला, मशीन अडेल त्या रात्री नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारा. एका अकाउंटात जुन्या मशीनच्याही की पडलेल्या असतात, म्हणून की आयडीची पहिली आठ अक्षरंही टिपून ठेवा. कागदावर लिहा. डेस्कटॉपवरच्या फाइलमध्ये ठेवलीत तर कुलपाची किल्ली कपाटातच राहिली.

बायोस (मदरबोर्डचं फर्मवेअर) अपडेट करायचं असेल आणि प्रो एडिशन असेल, तर आधी बिटलॉकर सस्पेंड करा. सस्पेंड म्हणजे तात्पुरतं थांबवणं, बंद नव्हे. आणि की? कागदावर आहे ना? परत बघा.

आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा बूटेबल, म्हणजे ज्यावरून मशीन सुरू करता येईल असा, बनवून ठेवा, मशीन धड असतानाच. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर रिकव्हरीच्या स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड-माउसच चालेनात. दुरुस्ती काही दिवसांत आली, पण मधल्या काळात मशीन अडकलेल्यांना पेनड्राइव्हचाच आधार. पेनड्राइव्ह असला म्हणून डिस्क उघडेल असं मात्र नाही. तिथेही कीच लागते.

त्याच मशीनवर विंडोजशेजारी लिनक्स असेल तर त्याचाही लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह ठेवा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने काहींचं लिनक्स सुरूच होऊ दिलं नव्हतं.

संध्याकाळी उशिरा, उद्या सबमिशन असताना, अपडेट मारू नका. टक्केवारी अडकली म्हणून पॉवर बटण दाबून धरू नका. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात बांधून बसा.

तरीही बूट झालं नाही तर पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क सगळं काढा. दोन-तीनदा सुरू होता होता पडलं की ऑटोमॅटिक रिपेअर स्वतःच येतं. स्टार्टअप रिपेअर, मग अनइन्स्टॉल अपडेट्स: नेहमीचं अपडेट असेल तर क्वालिटी, मोठं असेल तर फीचर. फीचर अपडेट मागे घ्यायला साधारण दहाच दिवस मिळतात. मग सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे सेटिंग्ज आधीच्या स्थितीत नेणं. रिसेट अगदी शेवटी.

वाटेत कुठेही की मागितली जाईल. दुकानात नेलात तरी पहिला प्रश्न तोच. की नसेल तर डिस्क पुसून नवं विंडोज टाकायचं, फोटोंसकट सगळं गेलं.