गावासोबत विहिरींची नोंद: भूगोल विभागासाठी कामाची पद्धत

पुण्यातल्या भूगोल विभागाला पुरंदरसारख्या पर्जन्यछायेतल्या गावात पाण्याच्या ताळेबंदावर काम करायचं असेल, तर सुरुवात सामंजस्य करारापासून नव्हे, विहिरींपासून करावी. आधी ग्रामपंचायतीचं पत्र आणि विहीरमालकांची परवानगी घ्या. एका पाणलोटात वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतल्या मिळून निदान 15 ते 20 विहिरी निवडा. सगळ्या ओढ्याकाठच्या घेतल्या तर गाव कागदावर सुखी दिसतं!

मोजणी वर्षातून दोनदा: मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरअखेर. पंप आदल्या रात्रीपासून बंद हवा. उपसा चालू असताना घेतलेली पातळी विहिरीची असते, भूजलाची नाही. कठड्यावर रंगाने खूण करा, दरवेळी तिथूनच टेप सोडा आणि कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मोजणारी मुलं बदलली की खूणही बदलते.

आता हिशोब. झिजलेल्या बेसॉल्टचं विशिष्ट उत्पादन, म्हणजे खडकाच्या एकूण आकारमानापैकी निथळून मिळणाऱ्या पाण्याचा वाटा, साधारण 2 टक्के धरतात. 100 हेक्टरवर पातळी सरासरी 4 मीटर वर आली, तर साठा वाढला 80,000 घनमीटर, म्हणजे 8 कोटी लिटर. अखंड कातळात हा 2 टक्क्यांचा आकडा बराच खाली येतो, म्हणून विहिरीच्या भिंतीतले थर नोंदवाच.

हे आकडे रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत मराठीत मांडा. शोधनिबंध नंतर लिहिता येईल.