शुद्धलेखनाचा नियम डोक्यातून हातात कसा उतरवावा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका खोलीत मी स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना मराठी व्याकरण शिकवतो. ऐरोलीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मागे एकदा मला नियम खडाखडा म्हणून दाखवला होता: अकारान्त मराठी शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचा, इकार किंवा उकार दीर्घ असतो आणि सामान्यरूप होताना, म्हणजे प्रत्ययासाठी शब्द बदलताना, तो ऱ्हस्व होतो; गरीब, पण गरिबाला. त्यानंतर दहाच मिनिटांनी तिने निबंधात ‘वकीलाने’ असे लिहिले. तिथे लाल रेघ मारताच ती स्वतःवरच चिडली, कारण नियम तिला ठाऊक होताच.

नियम ठाऊक असणे आणि तो हातवळणी पडणे यांची सोय मेंदूत एकाच ठिकाणी केलेली नाही. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाचा अपस्मार आवरावा म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा, म्हणजे स्मृतीशी संबंधित भागाचा, बराचसा अंश काढण्यात आला, आणि तेव्हापासून त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगलाच सुधारला. आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे मात्र त्याला दर वेळी नव्यानेच सांगावे लागे. सांगता येणारे ज्ञान प्रामुख्याने हिपोकॅम्पसच्या आधाराने साठते, तर वळण, सवय आणि कौशल्य यांचा भार मेंदूच्या आतल्या स्ट्रायटमसारख्या भागांवर अधिक असतो. घोकंपट्टीने पहिल्याचीच भर होते.

नवा ठसा आरंभी कच्चा असतो आणि तो पक्का व्हायला वेळ लागतो, हे म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन संशोधकांनी १९०० सालीच मांडले आणि त्या प्रक्रियेला दृढीकरण म्हटले. जे चेतापेशींचे जाळे पुन्हा पुन्हा एकत्र जागे होते, त्यातले सांधे बळकट होतात, आणि हे काम जागेपणीच संपत नाही. उंदीर झोपले असताना, दिवसा फिरताना ज्या पेशी एकत्र चेतवल्या गेल्या होत्या त्याच पुन्हा एकत्र चेततात, हे १९९४ साली दिसून आले. नियमाच्या बाबतीत २००४ सालचा एक जर्मन प्रयोग मला विशेष वाटतो. आकड्यांच्या एका कोड्यात सोपी वाट दाखवणारा नियम लपवलेला होता. मधले आठ तास जे झोपले, त्यांच्यात तो नियम हेरणाऱ्यांचे प्रमाण जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाले.

आता सराव कसा करावा ते सांगतो. नियम एकदा नीट समजून घ्यावा आणि मग वही मिटावी. उघड्या वहीतला नियम सहाव्यांदा वाचताना ‘हे तर येते’ असे वाटते, आणि ही भावनाच घात करते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला लावला आणि काहींना न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून बहीण, वीट, फूल असे शब्द कोणाकडून तरी वाचून घ्यावेत, स्वतः ‘बहिणीला’, ‘विटेवर’, ‘फुलाचा’ असे लिहावे आणि लगेच पडताळावे. हे पडताळणे टाळू नये, कारण तसेच राहिलेले चुकीचे रूपही सरावाने तितकेच पक्के होते.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द मिसळावेत. पुष्कळ वर्गांत एकाच नियमाचे शंभर शब्द सलग लिहून घेतात. मला ते काम वही भरण्याचे वाटते, कारण पाचव्या शब्दानंतर विचार करावाच लागत नाही. ‘शरीर’ आणि ‘रूप’ हे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द असल्याने त्यांची रूपे ‘शरीराला’, ‘रूपाला’ अशी दीर्घच राहतात, आणि ‘गुण’, ‘विष’ हे मुळातच ऱ्हस्व. हे शब्द ‘वकील’ आणि ‘मूल’ यांच्यामध्ये पेरले, की प्रत्येक ओळीवर नियम लागू होतो की नाही हे ठरवावे लागते, आणि परीक्षेत नेमके तेच ठरवायचे असते. अशा सरावात चुका जास्त होतात, त्यामुळे विद्यार्थी खट्टू होतात. गणितावर झालेल्या प्रयोगांतही मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडले होते, पण आठवड्याने झालेल्या चाचणीत त्यांनीच बाजी मारली.

तिसरी गोष्ट अंतराची. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटे बरी, आणि ती दहा मिनिटे मध्ये रात्री ठेवून विभागावीत. मी त्या विद्यार्थिनीला घरी परतताना ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत फोनवर दहा मिश्र शब्दांची रूपे लिहायला सांगितले, फोनची आपोआप दुरुस्ती बंद ठेवून. एकेका शब्दाची पाळी त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग आठवड्याने आणि नंतर तीन आठवड्यांनी. मधल्या काळात थोडे विसरायला होते. ते होऊ द्यावे, कारण किंचित खटपट करून आठवलेलेच अधिक टिकते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करून नियम घोकणे म्हणजे दृढीकरणाची वेळच कापून टाकणे.

नियम मुरला की नाही हे शुद्धलेखनाच्या चाचणीवरून ठरवू नये, कारण तिथे मन आधीच सावध असते. सोसायटीच्या सचिवांना गळक्या टाकीविषयी पत्र लिहावे, लक्ष टाकीवर ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी तेच पत्र लाल पेन घेऊन वाचावे. त्या मुलीच्या अशा पत्रात महिन्याभराने ‘वकिलामार्फत’ बिनचूक आले होते; ‘नळाच्या तोटीतून’च्या शेजारी ‘पाईपमधील गळतीमूळे’ मात्र राहिले होते, म्हणून ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय दुसऱ्या दिवशीच्या दहा शब्दांत गेले.