सॉव्हिन्यॉन ब्लाँ करताना या चुका टाळा

सॉव्हिन्यॉन ब्लाँ हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष, आणि त्याच्या कोरड्या व्हाईट वाइनला लपायला जागाच नसते. साखर संपलेली, रंग जेमतेम; उरतो तो वास आणि आंबटपणाची धार. नाशिक-दिंडोरीकडे ही धार बऱ्याचदा टाकीत पडण्याआधीच गेलेली असते.

सगळ्यात महागात पडतो तो गोडीचा मोह. खायची द्राक्षं पिकवलेला बागायतदार म्हणतो, "अजून चार दिवस राहू द्या, गोडी भरू द्या." फ्रान्सच्या लोआर खोऱ्यात हेच द्राक्ष थंडी उतरत असताना पिकतं. आपली गोडी छाटणी (फळासाठीची) सप्टेंबर-ऑक्टोबरची आणि तोडणी जानेवारी ते मार्चची, म्हणजे मणी पिकतो तो चढत्या उन्हात. उन्हात द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल भराभर खर्ची पडतं. म्हणून नुसत्या ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या मापावर) जाऊ नका. 20 ते 22 दिसले की पीएच मोजा (तो वाढला म्हणजे आंबटपणा उतरला), तो 3.4 कडे सरकला असेल तर उद्याच तोडा.

तोडायचं तेही पहाटे, डोक्याला बॅटरी लावून. दहा वाजता क्रेट उन्हात उभे असले की तळचे मणी फुटतात, रस गळतो, माश्या येतात. तो रस पेल्यात घेऊन बघा: कोऱ्या चहासारखा दिसतो. रंग गाळाबरोबर बराचसा खाली बसेल, पण पेरूसारखा वास परत येत नाही. प्रेसमधला शेवटचा, जोर लावून काढलेला रस वेगळा ठेवा. तो कडवट असतो आणि पीएचही वाढवतो.

टाकीत रस आंबत असताना, म्हणजे किण्वनात, तापमान 12 ते 16 अंश. वीज गेली, जनरेटर उशिरा लागला, की टाकी तापते आणि वास वायूबरोबर उडून जातो.

किण्वन संपत आल्यावर रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश बघून साखर मोजणारा) वापरू नका. अल्कोहोलमुळे तो फसतो; पूर्ण कोरड्या वाइनलाही 6-7 ब्रिक्स दाखवतो. पहिल्या वर्षी 'यीस्ट अडकलं' समजून मी टाकी गरम करत रात्र काढली होती. रसात तरंगून घनता मोजणारा हायड्रोमीटर शून्य ब्रिक्सखाली, म्हणजे साखर संपल्याच्या खुणेखाली, गेला होता, मी बघितलाच नव्हता.

सडक्या अंड्याचा वास आला तर बहुधा यीस्ट उपाशी आहे. नायट्रोजनचं खाद्य साखरेचा पहिला एक तृतीयांश भाग संपेपर्यंत द्यायचं. शेवटी घालून उपयोग नाही. पेल्यात स्वच्छ तांब्याची तार फिरवा. वास गेला तर दोष गंधकाचा (तो पेला पिऊ नका). मात्र सगळ्या टाकीला तांब्याचा उपाय करण्याआधी दहादा विचार करा, कारण तांबं या द्राक्षाचा चांगला वासही ओढून घेतं.

आणि बाटली भरायच्या आधी टाकी उणे 2 ते उणे 4 अंशांवर ठेवायला विसरलात, तर गिऱ्हाईकाचा फोन येणारच: "फ्रिजमधल्या बाटलीत काचा निघाल्या!" काचा नव्हेत त्या, टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे खडे. पाण्यात टाकायला सांगा, हळूहळू विरघळतात.