रेलिंगवर गंजाचे ठिपके आले तर

रबाळे एमआयडीसीत माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. ऐरोलीत खाडीकडे तोंड असलेल्या एका बाल्कनीला रेलिंग बसवलं आणि पहिल्याच पावसाळ्यात जोडांवर तांबूस ठिपके उमटले. काकूंनी फोनवर सुनावलं, "स्टील सांगून लोखंड बसवलंत की हो!" माल तीनशे चारचाच होता, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा नेहमीचा ग्रेड. चूक आमची. पोरानं एमएसचं, म्हणजे साध्या लोखंडाचं, गेट घासलेली ग्राइंडरची चकतीच स्टीलवर फिरवली होती.

तीनशे चारमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की त्याच्या ऑक्साइडचा थर आपोआप धरतो, जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचा. ओरखडा गेला तरी पुन्हा धरतो. पण लोखंडाचा कण रुतलेला असेल तर आधी तोच गंजतो. वेल्डिंगचा निळा-तपकिरी रंग राहिला तर त्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं. खाडीची खारी हवा नेमकी तिथेच चावते.

म्हणून आधी तो रंग काढा. गाळ्यात आम्ही पिकलिंग पेस्ट, म्हणजे तो रंग खाणारी ॲसिडची पेस्ट, लावतो. तिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, कातडीतून हाडापर्यंत जातं. हातमोजे, चष्मा आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल नसेल तर डबा उघडूच नका. लोकांच्या बाल्कनीत तर मुळीच नको. तिथे मी फक्त स्टीलसाठी राखून ठेवलेली नवी चकती वापरतो.

मग साबणाने तेलकटपणा घालवा. दहा लिटर पाण्यात एक किलो लिंबूसत्व विरघळवून सुती फडकी भिजवा, जोडांना गुंडाळा आणि अर्धा तास ओलीच ठेवा. हे पाणी थर चढवत नाही, फक्त मोकळं लोखंड खाऊन टाकतं. नंतर नळाच्या पाण्याने भरपूर धुवा, बोअरचं खारं पाणी नको, आणि कोरडं पुसा.

खात्री हवी तर मोरचुदाच्या पाण्यात किंचित गंधकाम्ल घालून एक जोड सहा मिनिटं ओला ठेवा. तांब्याचा गुलाबी डाग पडला तर लोखंड अजून आहे, फडकी पुन्हा गुंडाळा. भांड्यांवर हा प्रयोग करू नका.

काकूंच्या रेलिंगला दोनदा गुंडाळावं लागलं. निघताना पाहिलं, कामवाल्या मावशी संडासचं ॲसिड घेऊन रेलिंग चमकवायला निघाल्या होत्या. बाटली काढून घेतली. त्यातल्या क्लोराइडने क्रोमियमचा तो थर भोकं पडून फाटतो.